आठवी ब चं तोरण

सक्करदऱ्याच्या तळ्यामागच्या त्या शाळेत आठवी ब ला कोणी वर्ग म्हणत नसे. मास्तर मंडळी 'झुंड' म्हणत, शिपाई लहानू 'वरात' म्हणे, आणि हेडमास्तर डबीर सर तर नावच घेत नसत, नुसते डोळे मिटत. त्रेपन्न पोरं, सगळी धडधाकट, आणि एका जागी थांबण्याशी सगळ्यांचं जन्माचं वैर. वर्गात बाकं होती म्हणून निदान टेकावं तरी लागे. पी.टी.च्या तासाला मैदानावर ना बाक ना भिंत, आणि काटेरी कुंपणाला जागोजागी पोरांच्याच मापाची भोकं. तिथे काय चालत असेल ते वेगळं सांगायला नको.

अशा आठवी ब च्या पुढ्यात अडुसष्ट सालच्या जूनअखेर शामला भोयर येऊन उभी राहिली. वय तेवीस. पारशिवनीजवळच्या खेड्यातल्या रुपराव भोयरांची लेक, अमरावतीला व्यायामशिक्षणाचा कोर्स केलेली. पांढऱ्या पातळाचा पदर कमरेला घट्ट खोचलेला, पायात कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात नवी कोरी शिट्टी. मुलांच्या शाळेत पी.टी.ला बाई, ही गोष्ट तेव्हा लोकांनी रस्त्यात थांबून पाहावी अशी होती. जुने पी.टी. मास्तर निवृत्त झाले, जागा ऐन वेळी रिकामी पडली, अर्ज आला तो एकच, म्हणून डबीर सरांनी तिला घेतलं होतं. तेही डिसेंबरअखेरपर्यंत. पुढचं पुढे.

पहिल्याच दिवशी सरांनी कपाटातून वेताची छडी काढून तिच्यापुढे धरली. धरायच्या टोकाला ती हाताच्या घामानं काळीभोर झाली होती.

"आधीच्या मास्तरांची आहे. वीस वर्षं पी.टी. हिनंच शिकवली. आठवी ब ला वेसण घालायची असेल तर ही हातातून खाली ठेवू नका, भोयर बाई."

"मारून कवायत येत नाही, सर."

"कवायत नाही येत. पण पोरं तरी जागेवर येतात," सर म्हणाले.

शामलानं छडी नेली आणि सामानाच्या खोलीत खिळ्याला टांगून टाकली. तिचा सगळा भरवसा शिट्टीवर. एक शिट्टी म्हणजे थांबा, दोन म्हणजे रांग करा, तीन म्हणजे जवळ या, असं ती शिकून आली होती. मैदानाच्या मधोमध उभी राहून तिनं एकदा शिट्टी फुंकली. लगेच चिंचेच्या झाडामागून दुसरी शिट्टी आली, हुबेहूब तशीच. तिनं दोनदा फुंकली, झाडामागून तीनदा आली. निम्मी पोरं थांबली, निम्मी रांगेत आली, उरलेली तिच्या अंगावर धावत आली आणि सगळी एकमेकांवर आदळली. मग जो हशा पिकला तो घंटा होईपर्यंत ओसरला नाही.

झाडामागे होता गिरिधर. आठवीत दुसऱ्यांदा बसलेला, वर्गात सगळ्यात उंच, आणि दोन बोटं तोंडात घालून कुठलाही आवाज काढणारा. शिट्टीतली गोटी थरथरते, ती थरथरसुद्धा हा पठ्ठ्या तोंडानं काढत असे. वर्गात तो सगळ्यात मागे एकट्याच्या बाकावर बसे, कारण त्याच्या शेजारी बसवलेला साधा पोरगाही चार दिवसांत बिघडतो असं डबीर सरांचं मत होतं.

जुलै गेला, ऑगस्ट निघाला, आणि शामलाच्या नाकी नऊ आले. पी.टी.चा तास म्हटला की कोणाच्या पोटात दुखे, कोणाच्या पायात काटा रुते, आणि काटा रुतलेलाच पोरगा सगळ्यांच्या आधी कुंपणाबाहेर पोचे. शिक्षा म्हणून तिनं मैदानाला पाच फेऱ्या मारायला लावल्या, तर पोरं खुशीत दहा मारू लागली. चौकशी केली तेव्हा कळलं की पलीकडच्या कोपऱ्यात शेजारच्या बागेतल्या पेरूच्या फांद्या कुंपणावर आल्या आहेत. ती ओरडली, तिनं समजावलं, एकदा तर अबोला धरून पाहिला. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. आणि एका सोमवारी आठवी ब नं खो-खोचा खांब उपटून तळ्यात नेला आणि त्यावर आळीपाळीनं बसून नौकानयन केलं. खांब परत आणून दिला तो म्हशी धुवायला आलेल्या गवळ्यानं.

दुसऱ्या दिवशी सरांनी तिला बोलावलं.

"पाच डिसेंबरला शाळेची तपासणी आहे. साठे साहेब येताहेत, पुण्याकडचे आहेत, फार कडक. ते आठवी ब चा पी.टी.चा तास बघणार. त्या दिवशी वर्ग धड दिसला तर तुमची नेमणूक कायम करायची शिफारस मी करतो. नाही दिसला, तर पी.टी.चे तिन्ही तास गणिताला जातील. गणिताच्या मास्तरांनी मागूनच ठेवलेत. मग पी.टी.ला वेगळा माणूस ठेवायचं कारणच उरत नाही, बाई."

शामला मान हलवून बाहेर आली. तिला रडू आलं नाही, संताप आला, आणि तो आठवी ब पेक्षा स्वतःचाच जास्त आला. गावातली कुठलीही पोर पळण्याची नोकरी करत नव्हती. हिनं हट्टानं ती मिळवली होती. सकाळी मैदानावर पाऊल टाकलं की तिला अजूनही लहानपणासारखं वाटे, आता धावावं, कोणी बोलवेपर्यंत थांबू नये. ते सगळं डिसेंबरात संपणार आणि आपण पारशिवनीच्या एस.टी.त ट्रंक घेऊन बसणार, हे तिला डोळ्यांपुढे दिसू लागलं.

त्याच आठवड्यात पोळा आला आणि ती दोन दिवस घरी गेली.

पोळ्याला गावातल्या सगळ्या बैलजोड्या आखरावर, म्हणजे गावाबाहेरच्या मोकळ्या रानात, रांगेनं उभ्या राहतात. शिंगं रंगवलेली, पाठीवर झुली. रांगेसमोर दोन खांबांना आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं असतं. मग एकेक जण पुढे होऊन झडती म्हणतो. झडती म्हणजे गावातल्या लोकांना चिमटे काढणाऱ्या जुळवलेल्या ओळी. शेवटी 'एक नमन गौरा पार्वती, हर बोला' अशी हाळी पडते, आणि सगळा गाव 'हर हर महादेव' म्हणून गर्जतो. झडत्या संपल्या की मानकरी काठीनं तोरण तोडतो आणि पोळा फुटतो. तोपर्यंत बैल हलत नाही.

झडती म्हणण्यात रुपरावांचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. लहानपणी शामला त्यांच्या खांद्यावर बसून सगळ्या झडत्या ऐके, आणि तिला त्या तोंडपाठ होत्या. पण म्हणायच्या पुरुषांनी. बाया घरच्या दाराशी ओवाळणीचं ताट घेऊन उभ्या राहायच्या. बारा वर्षांची झाल्यावर तिलाही दारातच थांबावं लागलं. त्या दिवशी मात्र तिनं आपलं ताट आईच्या, प्रयागबाईच्या, हाती दिलं आणि आखराच्या कडेला जाऊन उभी राहिली. चाळीस जोड्या होत्या. त्यांत कालपरवाच जू मानेवर घेतलेले उनाड गोऱ्हेही होते. पोळ्याच्या दिवशी बैलाला मारत नाहीत, म्हणून कोणाच्या हातात चाबूक नव्हता. तरी चाळीस जोड्या तासभर रांगेत उभ्या होत्या. आजवर तिनं हा पोळा बापाच्या पोरीच्या डोळ्यांनी पाहिला होता. आज पी.टी.च्या बाईनं पाहिला.

संध्याकाळी रुपराव बैलांना पुरणपोळी चारत होते. लेकीकडे न बघताच त्यांनी विचारलं, "काहून वं माय, तोंड काहून उतरलं तुयं?"

तिनं सगळं सांगितलं. खो-खोच्या खांबाचं ऐकून रुपराव इतके हसले की बैलानं मान वळवून पाहिलं.

"मारतं का त्याईले?"

"नाही."

"चांगलं करतं. मारलं का बैल पळते, उभा नाही राहत."

"मंग आज काहून उभे होते गा, बाबा?"

रुपरावांनी बैलाच्या मानेवर हात ठेवला. "त्याले आपली जागा ठाव पायजे. बाजूले जोडीदार पायजे. अन् समोर तोरण दिसलं पायजे. मंग त्याले समजते का हे उभं राहणं काही जलमभराचं नाही, आता तोरण तुटीन अन् आपन सुटू. तुह्या पोराईसमोर तोरण कोठी हाये?"

शामला त्या रात्री छान झोपली. खूप दिवसांनी.

परतल्यावर पहिल्याच पी.टी.च्या तासाला आठवी ब मैदानात आली ती थबकलीच. तळ्यातून परत आलेला खांब आणि त्याचा जोडीदार खांब, यांच्यामध्ये सुतळीला आंब्याची पानं ओवून तोरण बांधलेलं. नागपूरच्या पोरांना हे काय असतं ते सांगावं लागत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्यात लाकडी बैल घेऊन उभी राहूनच ती लहानाची मोठी होतात. शामलाच्या गळ्यात शिट्टी नव्हती, हातात मात्र छडी होती. पोरं चपापली.

"ही छडी तोरण तोडायची आहे," ती म्हणाली. "दुसऱ्या कशाला लावायची नाही. आता नीट ऐका. उंचीप्रमाणे जोड्या लावायच्या. ज्याची जी जागा, तीच रोजची. रोज एका जोडीची पाळी. एकानं झडती म्हणायची, जोडीदारानं हाळी घालायची, मग तोरण तुटेल आणि खेळ सुरू. तास संपताना पुन्हा तसंच. झडती चालू असताना जी जोडी हलेल तिची पाळी गेली. आणि कोणाचे आईबाप, कोणाची जात, कोणाचं अंग, यांवर झडती नाही. बाकी कोणावरही."

"मास्तर लोकाईवर?" शालिकरामनं विचारलं. तो वर्गात सगळ्यात बुटका.

"चांगली जुळली तर."

"तुमच्यावर?"

"त्याहून चांगली जुळली तर."

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. असा सौदा त्यांच्या उभ्या आयुष्यात कोणी त्यांच्यापुढे ठेवला नव्हता. पाच मिनिटांत सव्वीस जोड्या लागल्या आणि मागे एक पोरगा उरला. गिरिधर. त्रेपन्नावा. तो खांदे उडवून म्हणाला, "मी बसतो तिकडं झाडाखाली. आपली काही जोडी नाही." तो हसत म्हणाला खरा, पण त्या हसण्यात दम नव्हता. बाकावर एकटा, खेळात एकटा, आणि आता रांगेतही एकटा, हे त्यालाही कळत होतं.

शामला त्याच्याशेजारी जाऊन उभी राहिली. "सत्ताविसावी जोडी, गिरिधर अन् भोयर बाई. झडती तुझी, हाळी माझी. पाळी शेवटी येईल."

गिरिधरनं तिच्याकडे वर-खाली पाहिलं. मग जरा सरकून तिला उजवीकडची जागा दिली. झाडामागची शिट्टी त्या दिवसापासून बंद झाली. कोणी खोदून विचारलं तर तो म्हणे, "जोडीदाराची नक्कल करत नसते."

पहिली पाळी शालिकराम आणि ताराचंद या जोडीची होती. शालिकराम पुढे झाला, छाती फुगवली, आणि घंटा देणाऱ्या लहानूकडे बोट करून म्हणाला:

"लहानू भाऊची घंटा, वाजते कधीमधी,
भूक लागते आमाले, अर्धा तास आधी."

ताराचंदनं हाळी घातली, त्रेपन्न गळ्यांनी 'हर हर महादेव' केलं, शामलानं छडीच्या एका फटक्यात तोरण तोडलं, आणि आठवी ब त्या वर्षात पहिल्यांदा एकाच दिशेला धावली.

मग आठवड्यातून तीनदा तोरण बांधलं जाऊ लागलं आणि शाळेचं आंब्याचं झाड खालून विरळ होत गेलं. पोरं पाळीच्या आधी आठ दिवस वहीत ओळी जुळवत. मराठीचे मास्तर चकित झाले, कारण निबंधाला चार ओळी न लिहिणारी पोरं यमकं विचारायला येऊ लागली. गणिताच्या मास्तरांचीही सुटका झाली नाही:

"गणिताच्या तासाले पाढे झाले फार,
बावीस सत्ते इचारलं तं गेलो खिडकीपार."

पोटदुख्या थांबल्या, कारण एक जण आला नाही की जोडी मोडायची, आणि पाळी हुकली तर जोडीदार सोडत नसे. तासाला उशीर करणाऱ्याला त्याचा जोडीदारच कॉलर धरून आणी. शामलानं या सगळ्याचा पुरेपूर फायदा घेतला. त्याच जोड्यांत तिनं डंबेल्स शिकवले, लेझीम शिकवलं, सावधान-विश्राम घोटून घेतलं. संध्याकाळी सायकलवरून घरी जाताना ती स्वतःशीच हसत असे आणि रस्त्यातल्या लोकांना वाटे, बाईला काहीतरी बातमी मिळाली आहे.

डबीर सरांच्या कानावर मैदानातली गर्जना आठवड्यातून तीनदा पडत होती. तपासणीच्या आदल्या दिवशी त्यांनी शामलाला बोलावलं. "तुमच्या वर्गाची प्रगती मला दिसते आहे. पण उद्या तेवढी ती बैलांची भानगड नको. साठे साहेबांना ते रानटी वाटेल. तोरण नको, झडती नको. आज्ञा मी स्वतः देईन. तुम्ही बाजूला उभं राहायचं आणि तास संपेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. तुमच्याच भल्यासाठी सांगतो."

शामलानं मैदानावर येऊन पोरांना सांगितलं, "उद्या तोरण नसेल. तोरण नाही म्हणजे झडती नाही. सर विसर्जन म्हणाले की शांतपणे जायचं."

तास सुटल्यावर गिरिधर मागे थांबला. "बाई, उद्या आपली पाळी होती."

सव्वीस जोड्यांच्या पाळ्या होऊन गेल्या होत्या. शामलाच्या हे लक्षातच नव्हतं.

"शनिवारी घेऊ, गिरिधर."

"तीन महिने थांबलो मी," तो म्हणाला, आणि जोडीदारावर रागवावं की नाही ते न कळून निघून गेला. शामलाला फार वाईट वाटलं. पण नोकरी नोकरी असते, असं तिनं मनाला बजावलं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीच्या आधीच्या तासाला ती जोड्यांनी वर्ग घेऊन मैदानावर आली, आणि जागीच थबकली. साहेबांसाठी डबीर सरांनी छोटा मांडव घालून घेतला होता. दोन खुर्च्या, टेबलावर संत्र्यांची परडी. आणि साहेबांच्या स्वागताला मांडवाच्या दर्शनी दोन बांबूंमध्ये लहानूनं झेंडू आणि आंब्याच्या पानांचं चांगलं मनगटाएवढं जाड तोरण बांधलं होतं. बरोबर रांगेच्या समोर.

पोरांनीही ते पाहिलं. पहिल्या जोडीपासून सत्ताविसाव्या जोडीपर्यंत आनंदाची एक लहर गेली. मानाही न वळवता ती कशी गेली देव जाणे. शामलाला ओरडून सांगावंसं वाटलं की हे ते तोरण नव्हे. पण तोंड उघडायचं नव्हतं.

साठे साहेब गोरेपान, टोपी घातलेले, हातात वही. शेजारी डबीर सर, खबरदारी म्हणून छडी काखेत मारून. तास सुरू झाला. सरांनी सावधान म्हटलं की एकशे सहा टाचा एकदम जुळत. डंबेल्स झाले, लेझीम झालं. साहेबांची भुवई जरा वर गेली, सरांचा चेहरा फुलला.

"छान," साहेब म्हणाले. "सोडा आता मुलांना."

"विसर्जन," सर म्हणाले.

कोणी हललं नाही.

सरांना वाटलं, ऐकू गेलं नसेल. ते मोठ्यानं म्हणाले. कोणी हललं नाही. मधल्या सुट्टीची घंटा झाली, बाकीचे वर्ग डबे घेऊन बाहेर पडले आणि मैदानाच्या कडेनं दाटीवाटीनं उभे राहिले. आठवी ब जागेवर. सरांनी तिसऱ्यांदा विसर्जन म्हटलं, तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता. वर्षभर या वर्गाला थांबवता येत नव्हतं, आणि आज हलवता येत नव्हतं.

"काय प्रकार आहे?" साहेबांनी विचारलं.

"शिस्त आहे, साहेब," सर कसेबसे म्हणाले.

साहेब उठले आणि पहिल्या जोडीपुढे गेले. "बाळ, सुट्टी झाली. जात का नाही?"

शालिकरामनं डोळे समोर ठेवूनच उत्तर दिलं, "सायेब, तोरण बांधून हाये."

साहेबांनी मागे वळून तोरणाकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं, आणि त्यांना काहीच उमगलं नाही. तेवढ्यात रांगेच्या मागून गिरिधर एक पाऊल बाहेर आला. घसा साफ करून त्यानं खणखणीत आवाजात सुरू केलं:

"तळ्यावरचा बगळा, उभा एका पायी,
सायेब आले पाहाले, आमी हललो नाई.
सावधान झालं, विश्राम झालं, डबे झाले थंड,
तोरण तुटल्याबिगर जाणं, हे तं होईन बंड."

कडेला उभे असलेले वर्ग हसू दाबत होते. झडती झाली. आता हाळी हवी होती, आणि हाळी जोडीदाराची. गिरिधरच्या उजव्या हाताची जागा रिकामी होती. तो वळलाही नाही. फक्त जसा पहिल्या दिवशी सरकला होता, तसा जरासा सरकून उभा राहिला.

शामला मांडवाच्या बाजूला होती. सर तिच्याकडे बघून डोळ्यांनी नको नको म्हणत होते. तिला डिसेंबरअखेर दिसली, ट्रंक दिसली, पारशिवनीची एस.टी. दिसली. आणि मग तो रिकामा चौकोनी तुकडा दिसला, मैदानातला, हातभर रुंद. वर्गात सगळ्यांनी या पोराशेजारची जागा रिकामी ठेवली होती. आपणही ठेवायची का? बैलसुद्धा जोडीदाराला टाकून जात नाही. ती चालू लागली. मग चालणं सोडून धावली, कारण तिला चालणं जमतच नसे. त्याच्याशेजारी उभी राहिली, आणि बारा वर्षांची असताना बापाच्या आखरावर राहून गेलेला आवाज पोटातून काढून तिनं हाळी घातली:

"एक नमन गौरा पार्वती, हर बोला..."

"हर हर महादेव!"

नुसती आठवी ब नाही, सगळी शाळा ओरडली. लहानूही ओरडला. तळ्यावरचे बगळे उडाले.

आता मागे फिरणं नव्हतंच. शामला तडक मांडवापाशी आली आणि सरांपुढे हात केला. "सर, छडी द्या." पाच महिने सर हेच ऐकायची वाट पाहत होते. त्यांनी भांबावून दिली. तिनं ती दोन्ही हातांवर आडवी धरून साहेबांपुढे नेली.

"साहेब, आमच्याकडे तोरण मानकऱ्यानं तोडायचं असतं. आजचा मान तुमचा. तोरण तुटलं की मुलं सुटतील."

साहेबांनी छडीकडे पाहिलं. त्रेपन्न ताठ पोरांकडे पाहिलं. मग वही टेबलावर ठेवली, बाही वर केली, आणि एक फटका मारला. लहानूनं गाठ पक्की मारली होती, तोरण नुसतं झुललं. दुसऱ्या फटक्याला ते तुटलं आणि झेंडूची फुलं साहेबांच्या टोपीवर बरसली. त्यासरशी आठवी ब दोन्ही बाजूंनी मांडवाला वळसा घालून, संत्र्यांच्या परडीला हात न लावता, उधळत डब्यांकडे गेली. साहेब हातात छडी घेऊन मध्ये उभे होते आणि पोटभर हसत होते.

संध्याकाळी साहेबांची जीप गेल्यावर सरांनी शामलाला खोलीत बोलावलं. ती मनाची तयारी करून गेली. सरांपुढे शेऱ्याची वही उघडी होती. ते तिच्यापुढे वही सरकवून खिडकीबाहेर बघत राहिले. बहुधा हसू लपवत असावेत. साठे साहेबांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं:

"इयत्ता आठवी ब. शिस्त उत्तम. शारीरिक शिक्षणाचे तास कमी करू नयेत व सध्याच्या शिक्षिकेस कायम करावे. पूर्ण तासात छडीचा वापर फक्त दोनदा झाला, आणि दोन्ही वेळा तो मी केला."